झिगझॅग

पुढचं डावं चाक बोलतं.
वळणावर, हळू चालीत: टक्.
मग अर्धी फेरी गप्प, आणि परत टक्.
लिसान्द्रो म्हणतो, आत्या, बेअरिंग गेलं असेल.
बेअरिंग गुरगुरतं रे.
टकटकतं ते लाकूड.

आमच्या चुबुतच्या खोऱ्यात पाऊस नावालाच.
वारा मात्र पश्चिमेकडून रोज येतो,
पगारी माणसासारखा, रविवारीसुद्धा,
आणि लाकडातलं पाणी घोट घोट पिऊन जातो.
शंभर वर्षांचा हिकरीचा आरा
म्हाताऱ्याच्या दाढेसारखा हलायला लागतो.

दोन एवेलियो बाकावरून हुकूम सोडतात:
रात्रभर कालव्यात बुडवून ठेव. फुगेल, आवळेल.
आवळेल. आठवडाभर.
मग फुगलेलं लाकूड स्वतःलाच चेपून घेतं,
सुकतं, आणि आधीपेक्षा ढिलं होतं.
हे त्यांनाही ठाऊक आहे.
जन्मभर त्यांनी गावाची चाकं कालव्यात बुडवली
आणि गाव दर वर्षी त्यांच्याकडे परत आलं.

मी चाक उतरवते. लाकडी ओंडक्यावर आडवं ठेवते.
बारा आरे. खडूनं आकडे घालते,
हातोडीच्या दांड्यानं एकेकाला टिचकी.
टण. टण. टण.
सातवा: भद.

तुंबा आणि पुठ्ठा यांच्यामध्ये
तळहाताएवढा जॅक लावायचा, दम धरून फिरवायचा,
आऱ्याच्या खांद्यापाशी केसभर फट उघडेपर्यंत.
त्या फटीत पत्र्याची पाचर सारायची,
घोड्याच्या नालासारखी कापलेली.
एवढंच काम.
पण फटीत पाचर आधीच आहे.

चिमट्यानं ओढली. गंजानं तांबूस,
खालच्या अंगाला बिस्किटाच्या डब्यावरचं निळं फूल अर्धं शाबूत.
आणि बाहेरची कड
दातेरी.
वरखाली, वरखाली, सारखे दात.
लिसान्द्रो टॉर्च जवळ आणतो. म्हणतो, हे कोणतं अवजार?

साठ वर्षांपूर्वी आमच्या घरात
एकच झिगझॅग कात्री होती. आईची.
फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, फक्त कापडासाठी.
बाबा कातरणीच्या हंगामाला दक्षिणेत,
गाडी ताडपत्रीखाली,
आई गाडी शिकलीच नव्हती, असं आई सांगायची.
त्या उन्हाळ्यात कात्री कापड चावायला लागली.
कुणी केलं, आईनं विचारलं.
ओस्मार म्हणाला मी नाही. मी म्हटलं मी नाही.
ओस्मारला ताप होता.
दोन थोबाडीत मला बसल्या.
आणि समूहगानाच्या दिवशी माझ्या झग्याच्या शिवणीतून
सारखे दोरे सुटत होते,
मी गाता गाता ते तोडत होते.

मग ती जायची कुठे, लिसान्द्रो विचारतो.
काय सांगू?
मैल मोजणारा काटा केव्हाच मोडलाय,
तोही तिच्याच बाजूचा.

दोन एवेलियोंना विचारते,
आई कधी चाक घेऊन आली होती तुमच्याकडे?
नेस्टा? ते डोळे मिटतात. छे.
आली असती तर मी कालव्यात बुडवलं असतं.
आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, मी म्हणते.
ते हसतात. नाकारत नाहीत.

पाचर घासून पुसली, जवसाचं तेल लावलं.
ती अजून कामाची आहे, फक्त एकटी पुरत नाही.
तिच्याखाली माझी घातली,
येर्बाच्या डब्याची, पत्रा कापायच्या कात्रीनं कापलेली,
सरळ कडेची.
जॅक सैल केला. लाकूड कण्हलं, बसलं.
सातवा: टण.

पुलाजवळच्या वळणावर मी मुद्दाम हळू घेते.
पॉप्लरची सळसळ, इंजिनाची खोकलीखोकली,
बाकी काही नाही.
झालं, लिसान्द्रो म्हणतो, वळव आता, जेवायचंय.
मी डावा गाल चोळते.
पुढे रस्ता दोन ठिकाणी फुटतो,
एक घराकडे, एक समुद्राकडे.
थांब जरा, म्हणते,
कान देऊन ऐकू दे.